मडके कुणाचे फोडता?

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गटांच्या बैठकांत सध्या दोन मागण्या एका दमात मांडल्या जातात. त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, याचे मला नवल वाटते. पहिली मागणी अशी की गावागावांतल्या मोहाच्या हातभट्ट्या पोलिसांना बरोबर घेऊन फोडाव्यात. दुसरी अशी की मोहफुलांची दारू गाळण्याचे रीतसर प्रशिक्षण आणि परवाना बचतगटांना मिळावा, शेजारच्या मध्य प्रदेशात मिळतो तसा. म्हणजे सकाळी एका बाईचे मडके फोडायचे आणि दुपारी दुसरीला गाळायला शिकवायचे. पहिली बाई बहुतेक वेळा विधवा, टाकलेली किंवा भूमिहीन असते. दुसरीकडे बँकेचे पासबुक असते आणि तिला अर्ज भरता येतो. हा फरक दारूचा नाही, कागदाचा आहे. माझा दोन्ही मागण्यांना विरोध आहे. तो बैठकीत तोंडी मांडला तेव्हा ‘तू भट्टीवाल्यांची बाजू घेतेस’ असे ऐकावे लागले, म्हणून आता लिहूनच मांडते.

आधी मोहाविषयी. तुमसर, साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही तालुक्यातल्या जंगलाकडेच्या गावात मार्चअखेरीस जाऊन पहा. फुले रात्री गळतात. पहाटे अंधार असतानाच बायका टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला की गुरे आणि रानातली जनावरे फुले खाऊन टाकतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून ठेवलेला असतो. जाळला तर वणव्याचा आळ येतो, नाही जाळला तर फूल दिसत नाही. वाघाच्या हल्ल्यात मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या बायका जातात, त्याची बातमी दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी त्याच गावच्या बायका पुन्हा रानात असतात. वेचलेले फूल अंगणात वाळवायचे. वाळलेल्या फुलाच्या वजनात अर्ध्याहून अधिक साखर असते. ती साखर पूर्वी पोटाला आधार होती. फुले उकडून, भाजून, कुटून, पिठात घालून खाल्ली जात, आणि म्हाताऱ्या बाया अजून करून दाखवतात. बियांचे तेल दिव्याला, अंगाला, स्वयंपाकाला. मोहाचे झाड म्हणजे दारूचे झाड, ही ओळख त्या झाडाला बायकांनी दिलेली नाही, सरकारच्या अबकारी खात्याने दिली.

आता गाळण्याकडे येते. बाई दारू गाळायला कशी लागते हे आपल्यापैकी किती जणींनी विचारले आहे? तुमसर तालुक्यातल्या एका बाईने मला सांगितले ते लिहिते. तिचे नाव-गाव लिहीत नाही. नवरा गेला तेव्हा पदरात दोन मुले होती. विड्या वळायची कामे कमी होत चालली होती. रोजगार हमीचे काम निघाले तर मजुरी उशिरा. घरात वेचलेला मोह होता. व्यापारी एप्रिलमध्ये पडेल भावाने घेतो आणि पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावाने विकतो. केंद्र सरकारने वाळलेल्या मोहफुलाचा किमान भाव मे २०२० मध्ये किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला, पण भाव जाहीर होणे वेगळे आणि गावात खरेदीचा काटा येऊन उभा राहणे वेगळे. तिची चुलतसासू तिला म्हणाली, “मोह तं घरीच पडला हाय. दुकानदाराले देऊन का भेटते? गाळ.” एवढेच तिचे प्रशिक्षण.

पहिल्या खेपेला तिने जाळ मोठा केला. सडवा बुडाला लागला, उतू गेला, जी काही धार आली ती करपट आणि कडू. चार-सहा दिवस भिजवून आंबवलेली फुले आणि सरपण, दोन्ही वाया. मग हळूहळू कळले की जाळ मंद हवा. कळले की वाफ गार करणारे वरच्या भांड्यातले पाणी कोमट झाले की बदलावे लागते, आणि तेही पुन्हा पुन्हा. त्या पाण्याचा हिशेब कुणी करत नाही. हापशीवरून हंडे आणायचे, तेही लोक झोपल्यावर, कारण एवढे पाणी कशाला लागते हे गावाला लगेच कळते. सरपण रानातून, डोक्यावरून. दारू ‘सहज पैसा’ आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा हे हंडे मोजावेत.

आणखी एक गोष्ट ती शिकली, आणि ती समजून घेणे आपल्याला जरूर आहे. भट्टीतून प्रथम येते ती पहिली धार. ती सर्वांत कडक म्हणून गिऱ्हाईक तिलाच जास्त पैसे देते. जाणत्या बाया सांगतात की अगदी सुरुवातीचे थोडे ओतून द्यावे. त्यात शहाणपण आहे, कारण जे हलके ते आधी उडते. मिथेनॉल सुमारे ६५ अंशाला उकळते, पिण्याची दारू म्हणजे इथेनॉल ७८ अंशाला. पण फुलांच्या सडव्यात मिथेनॉल मुळात अगदी थोडे असते. माणसे शेकड्यांनी मरतात ती मोहाने नव्हे, कारखान्यातले मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्याने. २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला ऐंशीहून अधिक माणसे गेली, २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक. विष तिथे टँकरने आणि ड्रमने येते, मडक्याने नव्हे. तरी प्रत्येक विषारी दारूकांडानंतर पोलिसांची गाडी आधी मडक्याकडे वळते. याचा अर्थ गावातली हातभट्टी निर्मळ असते असा नाही. मोह महाग झाला की काळा गूळ येतो, लवकर आंबावे म्हणून नवसागर येतो, कडक लागावी म्हणून युरिया टाकणारेही आहेत, आणि रसायनाचे जुने पिंप धुऊन वापरणारेही. त्याने माणसाची आतडी आणि यकृत जाते, हे आपण पाहतो. पण गूळ आणि नवसागर रानात पिकत नाही. तो दुकानातून, गोण्यांनी, उधारीवर येतो. तो पुरवणारा सडव्याच्या वासापासून लांब, पक्क्या घरात राहतो आणि आपल्या मोर्चाला चहा पाजतो.

भट्टी सुरू झाली की हप्ता सुरू होतो. तिच्याकडून दरमहा ठरलेली रक्कम जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. शिवाय वर्षातून एकदा-दोनदा ‘केस द्यावी लागते’, म्हणजे कागदावर कारवाई दिसावी म्हणून तिने आपल्या नावावर गुन्हा घ्यायचा. मग तालुक्याच्या कोर्टात तारखा, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. अंगणात रात्री दहापर्यंत पुरुष बसलेले, म्हणून वयात आलेली मुलगी मामाकडे ठेवलेली. उधारी करणारे धान निघाल्यावर धान आणून देतात, आणि ते धान त्यांच्या बायकोच्या कोठीतले असते, हेही तिला माहीत असते. ती मला म्हणाली, “तिची कोठी रिकामी होते तवा माही भरते. मले का समजत नाही?” मैत्रिणींनो, आपल्या सगळ्या ठरावांपेक्षा या बाईला प्रश्न जास्त नेमका कळलेला आहे.

या बाईला कायदा काय म्हणतो? १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा इथे लागू झाला. त्याच्या कलम ६५ खाली दारू गाळणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. १९८१च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ हा शब्द थेट कायद्याच्या नावातच घातला आहे, आणि त्याखाली वर्षभर डांबून ठेवता येते. नावात ‘मळीवाले’ असा शब्द असलेला कायदा मात्र या राज्याने केलेला नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. १९७३च्या नियमांपासून महाराष्ट्रात सरकारमान्य ‘देशी दारू’ विकली जाते, ती साखर कारखान्यांच्या मळीपासून. ऊस पिकवणाऱ्या प्रदेशाच्या कारखान्यातला टाकाऊ माल बाटलीत भरला की देशी दारू, परवानाप्राप्त, महसूल देणारी. आमच्या रानातले फूल आमच्या मडक्यात गेले की गुन्हा. मळीला परवाना आणि मोहाला पंचनामा, हे दारूबंदीचे धोरण नव्हे. कुणाची दारू विकली जावी याचे ते धोरण आहे.

हे नवीनही नाही. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने घरगुती गाळणे बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांच्या हाती दिली. तरी ठाणे-कुलाब्याच्या रानातले लोक मोह वेचून गाळतातच, म्हणून १८९२ मध्ये ‘म्हौरा’ कायदा आला आणि त्या जिल्ह्यांत खुद्द फूल बाळगण्यावरच बंधने आली. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मात्र बाहेरून आणलेल्या मोहफुलांचीच दारू गाळली जात होती. आपल्याकडे, जुन्या मध्य प्रांतात, मक्त्यांचे लिलाव होत. लिलाव घेणारा गावचा सावकारही असे, म्हणजे दारू त्याची आणि दारूपायी काढलेले कर्जही त्याचेच. फुलांवरची बंधने स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. वेचणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने उठवले ते मे २०२१ मध्ये. फूल मोकळे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण लगेच पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, मंत्रिमंडळाने ठरवले की काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून परवान्याने तयार होणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्य’ असा दर्जा द्यायचा. हे वाचून मी मोठ्याने हसले. लाखांदूरच्या रानातला मोह कारखान्यात शिरला की विदेशी! आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो वेचला त्यांच्या हातचा मात्र हातभट्टीचा.

याच सुमारास, जानेवारी २०२२ मध्ये, मोठ्या दुकानांतून आणि सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला आणि वाइन म्हणजे दारू नव्हे असे आपल्याला समजावण्यात आले. तो निर्णय विरोधामुळे अंमलात आला नाही. पण मुंबई-पुण्याच्या घरांत फळांची दारू करून पाहण्याची हौस आहे, बाहेरदेशी गेलेल्या आपल्या भाचे-पुतण्यांत तर ती कौतुकाची गोष्ट आहे. न्यूझीलंडने १९९६ मध्ये आपल्यापुरते घरी गाळायला मुभा दिली. जवळचे सांगायचे तर गोव्यात काजूच्या हंगामात कुटुंबाच्या छोट्या भट्टीला परवाना मिळतो आणि काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बावनथडीच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत गाळण्याची सवलत आहे. नदीच्या अलीकडे तीच गोंड बाई त्याच लग्नासाठी, त्याच देवासाठी तेच मडके चढवते तेव्हा ती आरोपी. मी कुणाच्या हौसेच्या आड येत नाही. पण पुण्यातल्या सदनिकेत तांब्याची गाळणी चढवणाऱ्या हौशी माणसाच्या दारावर आपण कधी मोर्चा नेलेला मला आठवत नाही.

इथे काही मैत्रिणी शहाद्याचे नाव घेतील. घ्यावेच. १९७२-७३ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या आदिवासी बायकांनी श्रमिक संघटनेच्या लढ्यात दारूचे गुत्ते फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला. आपल्या चळवळीच्या त्या थोर आठवणींपैकी एक आहेत. पण तिथल्या बायका जमीनदाराशी, मजुरीसाठी, जमिनीसाठी लढत होत्या आणि त्या लढ्यातून गुत्त्याकडे वळल्या. गावाने, गावातल्या बायकांनी, आपल्या बळावर ठरवलेली ती गोष्ट होती. आज आपण पोलिसांच्या गाडीत बसून जातो, मडके फुटल्यावर वर्तमानपत्राला छायाचित्र देतो आणि गाडी बाईला घेऊन निघून जाते. पुरुष कुठे असतात? पुरवठादार कुठे असतो? २०१६च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दले आली. गावाच्या हाती सत्ता यावी म्हणून ती मागितली गेली, पण बऱ्याच ठिकाणी दलाचे काम एवढेच उरते की कोणत्या घरातून वास येतो ते कळवायचे. खबरीचे काम आपण चळवळीचे काम समजू लागलो आहोत, याची मला धास्ती वाटते.

नेल्लोरच्या बायकांकडे पाहा. १९९२ मध्ये दुबगुंट्यापासून सुरू झालेल्या त्या अरकविरोधी लढ्याने बोट ठेवले ते सरकारी लिलावावर. जिल्हा मुख्यालयात जाऊन बायकांनी लिलाव होऊ दिले नाहीत. लिलावात सरकारचा पैसा होता आणि ठेकेदाराचा. आंध्रात १९९३ मध्ये अरकबंदी झाली, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी, आणि १९९७ मध्ये ती महसुलाचे कारण सांगून सैल केली गेली. हार-जीत बाजूला ठेवा. त्यांनी शत्रू ओळखला होता.

आणि आपल्या दाराशी चंद्रपूर आहे. तिथे श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. उठवताना जी कारणे सांगितली त्यांत एक हेही होते की बंदीच्या काळात अवैध दारूच्या गुन्ह्यांत बायका आणि मुले ओढली गेली. म्हणजे पाहा, गरीब बायकांवर गुन्हे आधी नोंदवायचे, आणि मग त्याच गुन्ह्यांची संख्या दाखवून परवान्याची दुकाने उघडायची. आपण पोलिसांना दिलेली प्रत्येक ‘केस’ उद्या त्या यादीत मोजली जाणार आहे. राज्याला उत्पादन शुल्कातून मिळणारे उत्पन्न २०२२-२३ मध्येच २० हजार कोटींच्या पुढे गेले होते. जून २०२५ मध्ये कर वाढवताना ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्यापासूनच्या मद्याचा नवा प्रकारही आणला, तो उत्पन्न आणखी वाढावे म्हणूनच. अशा सरकारने मडके फोडायला आपल्याला पोलीस पुरवले तर त्याचे आभार कशाला मानायचे? आपण त्याचे दुकान राखतो आहोत.

आता माझ्याच बाजूच्या म्हणवणाऱ्यांकडे वळते. त्या म्हणतात, ‘मग गाळणाऱ्या बायकांना परवानाच देऊ. बचतगटाने आधुनिक गाळणी घ्यावी. मध्य प्रदेशाने २०२२ पासून मोहाच्या ‘हेरिटेज’ मद्याचे धोरण आणले, दिंडोरी आणि अलीराजपूर जिल्ह्यांत आदिवासी बायकांच्या गटांना काम दिले. आपल्याकडे का नको?’ ऐकायला गोड आहे. पण विचारा, कर्ज कुणाच्या नावावर? गटाच्या, म्हणजे सगळ्या जणींच्या. बाटली, लेबल, तपासणी, गोदाम, शुल्क, वाहतूक, विक्रीचे दुकान यांपैकी बाईच्या हाती काय? फुले वेचणे आणि जाळ घालणे, जे आजही आहे. माल खपला नाही तर हप्ता तिने भरायचा, खपला तर नाव ‘वारशा’चे. आणि एकदा परवान्याची मोहाची बाटली बाजारात आली की परवाना नसलेले मडके ही तिची स्पर्धक ठरणार. मग छापे वाढणार, कमी होणार नाहीत. १८७८ नंतर हेच झाले होते. पन्नास बायकांतल्या दहा उद्योजिका होतील आणि चाळीस जणी त्यांच्याच तक्रारीवरून आत जातील. यापेक्षा साधी गोष्ट आहे. बचतगटातले पहिले वीस रुपये आपण कुठून आणले होते? नवऱ्याच्या दारूपासून लपवून. डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत. त्या पैशाने दारूची गाळणी विकत घ्यायची असेल तर मला त्या गटाच्या वहीवर सही करता येणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. शेजारच्या भट्टीवर पिऊन येऊन ज्या बाईचा नवरा तिला मारतो, तिला मी काय सांगणार? ‘भट्टीवालीही गरीब आहे’ हे तिला सांगायला मी जाणार नाही. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. पण तिच्या नावाने आपण जे करतो त्याने तिचे काय होते ते पाहू या. मडके फुटते. आठवडाभर गल्ली शांत असते. तो मोटारसायकलवर बसून मोठ्या गावच्या परवान्याच्या दुकानात जातो, जास्त पैसे घालवतो, उशिरा येतो आणि मारतो. ती तक्रार द्यायला गेली तर तिला सांगतात, ‘पिऊन होता, शुद्धीत नव्हता, समजुतीने घ्या.’ दारू ही त्याची ढाल होते. आणि दारूलाच खरी गुन्हेगार ठरवून आपणही ती ढाल घट्ट धरतो. न पिणारे नवरे मारत नाहीत काय? पिणारा माणूस ठाणेदाराला मारतो काय, सरपंचाला मारतो काय? कितीही प्याला असला तरी हात कुणावर उगारायचा हे त्याला बरोबर कळते. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो. पूर्वीचे कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे. एका मडक्यामागे आपण पन्नास जणी जमतो. एका तक्रारीमागे ठाण्यात बसायला तीन जणी मिळत नाहीत. ही दमछाक मी कित्येक वर्षे बघते आहे.

तर मग करायचे काय? परवान्याचे दुकान बंद करायला नियमाने आपल्या हाती मतदान दिले आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या चौथा हिस्सा बायांनी सह्या केल्या की मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक बायांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. यातली मेख लक्षात ठेवा. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायांच्या. जी विटाभट्टीवर गेली आहे, जी माहेरी बाळंतपणाला आहे, जिचे नाव मेल्यावरही यादीत आहे, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून आधी मतदारयादी तपासावी लागते, आणि तारीख कामाच्या हंगामात लावू दिली तर आपण हरलोच. हे काम मडके फोडण्याइतके जोशाचे नाही, त्याचे छायाचित्र येत नाही. काळ्या गुळाच्या गोण्या आणि नवसागर कुणाच्या दुकानातून कुठे जातो याची माहिती गटागटाने जमवता येते, आणि ती लेखी मागून पाठपुरावाही करता येतो. मात्र त्यात नाव बाईचे नको, पुरवणाऱ्याचे हवे. भंडारा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दारूबाबत दिलेला अधिकार गडचिरोलीतल्या गावांना आहे, लाखांदूरच्या हद्दीवरच्या आपल्या गावांना नाही. तो मागायला हवा. घरच्या लग्नाला, देवाला, मयतीला लागणारे मडके आणि विक्रीचा धंदा यांत फरक करायचा अधिकार ग्रामसभेला असावा, आणि त्या ग्रामसभेत बायका बोलाव्यात.

बचतगटाला पैसा लावायचाच असेल तर साठवणुकीत लावावा. कोरडी, पत्र्याची, उंदीर न शिरणारी खोली आणि एप्रिलमध्ये फुलांच्या तारणावर दिलेली उचल, म्हणजे मोह पडेल भावात घालवावा लागणार नाही आणि पावसाळ्यात आपल्याच भावाने विकता येईल. टोरीचे तेल आहे, मोहाचे लाडू आहेत. त्याने कुणी लखपती होणार नाही, हे मला माहीत आहे. तुमसरच्या त्या बाईची दारूची मिळकत लाडवांनी भरून निघणार नाही, हेही. म्हणून तिच्यावरच्या जुन्या केसेससाठी वकील, निराधार अनुदानाचा तिचा अर्ज आणि वनहक्काचा दावा ही कामे आधी. तिने भट्टी सोडावी असे वाटत असेल तर ती सोडायला काय लागेल हे तिच्यासमोर बसून विचारावे. पोलीस पाठीशी उभे करून विचारू नये.

मी जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवते आहे: आपल्या कोणत्याही गटाने एकट्या बाईच्या भट्टीवर पोलिसांबरोबर जाऊ नये, आणि दारू गाळण्याच्या परवान्याची मागणी आपल्या निवेदनातून काढून टाकावी. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा, माझे उत्तर ऐकून करावा. फक्त बैठक मोह गळायला लागण्याआधी, फेब्रुवारीत घ्या. मार्चनंतर ज्या बायकांविषयी आपण हा ठराव करणार आहोत त्या पहाटेपासून रानात असतील, आणि त्यांच्या गैरहजेरीत तो करायला माझी संमती नाही.